ओसिएत्स्कींसाठी लिहिलेली पत्रं

शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी नाव सुचवायचं तर ते १ फेब्रुवारीच्या आत ऑस्लोला पोचावं लागतं. सुचवणाराही नियमात बसणारा हवा. कुठल्याशा देशाचा खासदार किंवा मंत्री, कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांचा प्राध्यापक, नाहीतर हाच पुरस्कार पूर्वी मिळालेला कुणी. १९३४ साली स्ट्रासबुर्गमध्ये आसरा घेतलेल्या काही जर्मन निर्वासितांनी छळछावणीत खितपत पडलेल्या आपल्या एका मित्राचं नाव पाठवलं, तेव्हा मुदत टळून गेली होती आणि पाठवणाऱ्यांना तसा अधिकारही नव्हता. प्रस्ताव बाद झाला. पुढची दोन वर्षं हीच माणसं आणि त्यांना येऊन मिळालेले आणखी काहीजण नियम वाचत, पत्ते मिळवत, पत्रं लिहीत राहिले. तुरुंगातल्या पत्रकाराच्या सुटकेसाठी जगभर आज ज्या मोहिमा चालतात, त्यांतल्या बहुतेक युक्त्या आणि बहुतेक भांडणंही या एका मोहिमेत सापडतात. म्हणून तिची हकीकत सविस्तर सांगावीशी वाटते.

तो मित्र म्हणजे कार्ल फॉन ओसिएत्स्की. जन्म ३ ऑक्टोबर १८८९, हाम्बुर्ग. नावातल्या ‘फॉन’मुळे सरदार घराणं असेल असं वाटतं, पण वडील वकिलाच्या कचेरीत लघुलेखक होते आणि कार्ल दोन वर्षांचे असतानाच वारले. शाळेत काही जमलं नाही. न्यायालयात कारकुनी केली, फावल्या वेळात लिहिलं. पहिल्या महायुद्धात सैनिक म्हणून जावं लागलं आणि परतले ते युद्धाचे कायमचे विरोधक होऊन. काही काळ जर्मन शांतता संघटनेचे चिटणीस होते, मग बर्लिनमध्ये पत्रकारितेत स्थिरावले. ‘डी वेल्टब्यून’ या साप्ताहिकाचे संस्थापक झिगफ्रिड याकोबझोन १९२६च्या डिसेंबरमध्ये अचानक गेले. त्यांच्यामागे कुर्ट तुखोल्स्की यांनी थोडे महिने गाडा ओढला आणि १९२७ साली संपादकपद ओसिएत्स्कींकडे आलं. लाल मुखपृष्ठाचं, लहान आकाराचं हे साप्ताहिक. खप फार तर पंधरा हजार. पण ते मंत्रालयात, लष्करी कचेऱ्यांत आणि न्यायाधीशांच्या घरी वाचलं जाई, आणि तिथे ते कुणालाच आवडत नसे.

१२ मार्च १९२९च्या अंकात वाल्टर क्रायझर या विमानतज्ज्ञाने टोपणनावाने एक लेख लिहिला. व्हर्सायच्या तहानुसार जर्मनीला हवाई दल ठेवायला बंदी होती. सरकार मात्र नागरी विमानवाहतुकीच्या आडून लष्करी विमानांचं काम गुपचूप चालवत होतं, असं त्या लेखात सूचित केलं होतं. त्यातला काही मजकूर संसदेच्या अर्थसंकल्पाच्या कागदांत आधीच आलेला होता. तरीही लेखक आणि संपादक दोघांवर लष्करी गुपितं फोडल्याचा आरोप ठेवला गेला. लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात बंद दाराआड खटला चालला आणि २३ नोव्हेंबर १९३१ रोजी दोघांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की हिटलर सत्तेवर यायला अजून सव्वा वर्ष होतं. ही शिक्षा एका लोकशाही प्रजासत्ताकाच्या न्यायालयाने दिली होती.

क्रायझर पॅरिसला निघून गेले. ओसिएत्स्कींनाही वाट मोकळी होती, पण ते गेले नाहीत. सीमेपलीकडून मायदेशाला उद्देशून बोलणाऱ्याचा आवाज पोकळ होत जातो, असं त्यांचं म्हणणं. मे १९३२मध्ये मित्रांच्या सोबतीने ते स्वतः टेगेल तुरुंगाच्या दारात हजर झाले. नाताळच्या सुमाराला राजकीय कैद्यांना माफी मिळाली आणि ते सुटले. पुढे अवघे दोन महिने. २७ फेब्रुवारी १९३३च्या रात्री बर्लिनमध्ये संसदेची इमारत जळाली. त्या संध्याकाळी ते मित्रांमध्ये होते. आज घरी जाऊ नका, असं मित्र विनवत होते. ते घरी गेले. पहाटे पोलीस आले.

त्यांच्या या हट्टाबद्दल काय म्हणावं ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पत्नी मॉड आजारी, मुलगी रोझालिंडे तेरा वर्षांची. त्यांनी जावं असं कुणालाही वाटेल. पण त्या निर्णयाने त्यांच्या मित्रांना पुढे एक बळ दिलं, हेही खरं. पळून न गेलेल्या माणसासाठी शब्द टाकताना त्यांना कधी आढेवेढे घ्यावे लागले नाहीत.

आधी श्पांडाऊचा तुरुंग, मग झोनेनबुर्गची छळछावणी, आणि १९३४च्या फेब्रुवारीपासून हॉलंडच्या सीमेजवळची एस्टरवेगन छावणी. तिथे कैद्यांकडून दलदलीचा प्रदेश खणून घेत. मुळात अशक्त प्रकृतीचा, चाळिशी ओलांडलेला संपादक त्या चिखलात फावडं चालवत होता, मार खात होता. बाहेर बातमी यायची ती सुटलेल्या कैद्यांच्या तोंडून, किंवा बर्लिनमध्येच राहून जिवावर उदार होऊन निरोप पोचवणाऱ्या साप्ताहिकाच्या जुन्या सहकारी हेडविग ह्युनिके यांच्याकडून.

नोबेलची कल्पना पहिल्यांदा पुढे आणली बर्थोल्ड याकोब यांनी. ओसिएत्स्कींचे हे जुने लेखक स्ट्रासबुर्गमधून जर्मनीच्या शस्त्रसज्जतेवर लिहीत असत. मार्च १९३५मध्ये नात्सी हस्तकांनी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून पळवून नेलं. स्विस सरकारने इतका आग्रह धरला की सप्टेंबरमध्ये जर्मनीला त्यांना परत करावं लागलं. लहानशा देशानेही कायद्यावर बोट ठेवून नेटाने मागणी केली तर हिटलरच्या राजवटीला पाऊल मागे घ्यावं लागतं, एवढं त्यातून दिसलं. पॅरिसमध्ये मानवी हक्क संघाचं काम हेल्मुट फॉन गेरलाख पाहत होते. ते १९३५च्या ऑगस्टमध्ये वारले. लंडनमध्ये वकील-पत्रकार रुडॉल्फ ओल्डेन, प्रागमध्ये कुर्ट ग्रोसमान. ऑस्लोमध्ये हर्बर्ट फ्राम नावाचा जेमतेम बावीस वर्षांचा निर्वासित तरुण होता. त्याने टोपणनाव घेतलं होतं विली ब्रांट, आणि पुढे जग त्यांना त्याच नावाने ओळखू लागलं. या सगळ्यांना एका दोऱ्यात ओवलं पॅरिसच्या हिल्डे वाल्टर यांनी. त्याही ‘वेल्टब्यून’च्या लेखिका, निर्वासित, हातात पैसा नाही, पाठीशी पक्ष नाही. त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ही मोहीम माझ्या मते सर्वांत जास्त त्यांची आहे.

हिल्डे वाल्टर यांचा आग्रह होता की गाजावाजा नको. जर्मन निर्वासितांची नावं पुढे दिसता कामा नयेत, एखाद्या पक्षाचा शिक्का बसता कामा नये, सभा-मिरवणुकांमध्ये हा विषय खर्ची पडू नये. ऑस्लोच्या समितीपुढे शक्यतो तटस्थ देशांतली, उदारमतवादी, प्रतिष्ठित, संशयापलीकडची माणसं उभी राहावीत. डाव्या गटांतल्या अनेकांना हे पटत नव्हतं. त्यांना जाहीर निदर्शनं हवी होती, छावणीचं सत्य चव्हाट्यावर मांडायचं होतं. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. आवाज केला तर कैद्यावर राग निघेल ही एक भीती, गप्प राहिलो तर तो गुपचूप मारला जाईल ही दुसरी. अशा प्रत्येक मोहिमेत हा वाद होतो आणि त्याला कायमचं उत्तर नाही. उत्तर तुरुंगाच्या मालकाला कुणाची भीड वाटते यावर अवलंबून असतं.

मराठी वाचकाला याचं एक उदाहरण घरचंच आहे. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’च्या संपादकांना, टिळकांना, अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ओसिएत्स्कींना १९३१ साली झाली तेवढीच मुदत. त्यांच्या सुटकेसाठी जो अर्ज गेला त्यावर मॅक्स म्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या सह्या होत्या. मॅक्स म्युलर यांना ‘ओरायन’ लिहिणाऱ्या पंडिताबद्दल आदर होता आणि भारतात येणाऱ्या सनदी अधिकाऱ्यांच्या पिढीला त्यांनी व्याख्यानं दिली होती. त्या सहीकडे ब्रिटिश सरकारला काणाडोळा करणं अवघड होतं. सप्टेंबर १८९८मध्ये, मुदतीच्या सुमारे सहा महिने आधी, काही अटी घालून टिळकांना सोडण्यात आलं.

हिटलरपुढे असा अर्ज चालला असता का? हान्स लिटेन या तरुण वकिलाच्या बाबतीत तो प्रयोग झालाच होता. लिटेन यांनी १९३१ साली भर न्यायालयात हिटलरची उलटतपासणी घेतली होती, आणि तेही १९३३च्या त्याच पहाटे पकडले गेले. त्यांच्यासाठी ब्रिटनमधल्या नामवंत वकिलांनी सह्या केल्या, लॉर्ड ॲलन यांनी प्रत्यक्ष भेटीत हिटलरकडे शब्द टाकला. उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १९३८मध्ये लिटेन डाखाऊच्या छावणीत मेले. थेट बर्लिनकडे हात पसरण्यात काही अर्थ नव्हता. हिल्डे वाल्टर आणि त्यांचे सोबती म्हणूनच बर्लिनला वळसा घालून ऑस्लोकडे वळले. हिटलर ज्यांचं ऐकणार नाही अशा लोकांची त्यांनी फिकीर सोडली आणि नॉर्वेतली पाच माणसं ज्यांचं ऐकतील अशांचा शोध घेतला. या मोहिमेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच होती.

१९३५ साठीची शिफारस वेळेत आणि नियमाने गेली. आइनस्टाइन, रोमाँ रोलाँ, बर्ट्रांड रसेल अशांनी पाठिंबा दिला. समितीचे पाच सदस्य नॉर्वेची संसद निवडते. त्यात त्या वेळी हाल्व्हदान कोट होते, देशाचे परराष्ट्रमंत्री, आणि माजी पंतप्रधान मोविंकेलही. परराष्ट्रमंत्र्याच्या सहीने हिटलरच्या कैद्याला पुरस्कार मिळाला तर ते नॉर्वे सरकारचं मत ठरणार, हा पेच होता. नोव्हेंबर १९३५मध्ये समितीने त्या वर्षीचा पुरस्कार कुणालाच न देता राखून ठेवला.

याच दिवसांत क्नुट हाम्सून यांनी वर्तमानपत्रांतून ओसिएत्स्कींवर हल्ला चढवला. हाम्सून म्हणजे नॉर्वेचे सर्वांत मोठे कादंबरीकार, १९२० सालचे साहित्याचे नोबेल मानकरी. छावणीत कोंडलेल्या, एक ओळही उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसावर त्यांनी लिहिलं की देश सोडून जाता येत असताना हा मुद्दाम राहिला, हुतात्मा व्हायची हौस होती म्हणून. नॉर्वेतल्या तेहेतीस लेखकांनी त्यांचा जाहीर निषेध केला. स्वीडनमध्ये आजारी, एकटे पडलेले तुखोल्स्की हे वाचून संतापले. आपल्या जागी बसलेला माणूस आत आहे आणि आपण बाहेर आहोत, ही बोच त्यांना होतीच. डिसेंबर १९३५मध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने ते गेले. हाम्सून यांच्या लेखाचा परिणाम मात्र उलटाच झाला. ओसिएत्स्की हे नाव नॉर्वेत घराघरांत पोचलं.

त्याच शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे कार्ल याकोब बुर्कहार्ट एस्टरवेगनला जाऊन आले. त्यांनी हट्ट धरला तेव्हा कैद्याला समोर आणलं गेलं. थरथरणारा, पांढराफटक पडलेला, एक डोळा सुजलेला, दात पडलेला माणूस. त्याने मित्रांना आभार कळवायला सांगितले, आणि आपलं आता संपत आलंय, हेही. बुर्कहार्ट यांनी ही भेट पुढे आपल्या आठवणींत नोंदवली.

१९३६च्या आरंभी दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा शिफारशींचा ओघ लागला. नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड, फ्रान्स, झेकोस्लोव्हाकिया अशा देशांतल्या शेकडो खासदारांच्या सह्या जमल्या. ब्रांट ऑस्लोत सत्ताधारी मजूर पक्षाच्या लोकांना भेटत होते, वर्तमानपत्रांत लिहीत होते आणि पॅरिसला सविस्तर अहवाल पाठवत होते: कोण अनुकूल, कोण डळमळीत, कुणाला कुणी पत्र लिहावं. टोमास मान यांनी समितीला लिहिलं. आणि इथे काळाने साथ दिली. ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरणार होतं, परदेशी पाहुणे येणार होते. नोबेलसाठी ज्याचं नाव सर्वत्र झालं आहे असा कैदी दलदलीत मरणं परवडणारं नव्हतं. मे १९३६मध्ये ओसिएत्स्कींना छावणीतून बर्लिनच्या पोलीस इस्पितळात हलवलं. क्षय फुफ्फुसांत पसरला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कागदोपत्री त्यांची सुटकाही झाली, पण गेस्टापो या गुप्त पोलिसांचा पहारा हटला नाही.

कोट आणि मोविंकेल दोघेही निर्णयातून बाजूला झाले, त्यांच्या जागी पर्यायी सदस्य बसले. २३ नोव्हेंबर १९३६ रोजी जाहीर झालं: १९३५चा राखून ठेवलेला शांतता पुरस्कार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना. लाइपझिगच्या न्यायालयाने त्यांना देशद्रोही ठरवलं त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती.

हिटलरचा मंत्री गोअरिंग याने त्यांच्यावर दबाव आणला. पुरस्कार नाकारा, मग तुम्हाला त्रास होणार नाही. ताप आणि खोकल्याने खंगलेल्या त्या माणसाने पुरस्कार स्वीकारतो असं कळवलं. पारपत्र मिळालं नाही. १० डिसेंबरच्या समारंभाला ते नव्हते, कुटुंबातलंही कुणी नव्हतं. जर्मनीने नॉर्वेकडे निषेध नोंदवला. जानेवारी १९३७मध्ये हिटलरने फर्मान काढलं की यापुढे कुठल्याही जर्मन नागरिकाने कुठलंही नोबेल घ्यायचं नाही. रिखार्ड कुन, आडोल्फ बुटेनान्ट आणि गेरहार्ड डोमाक या तीन शास्त्रज्ञांना त्यामुळे पुढे आपले पुरस्कार नाकारावे लागले. डोमाक यांना तर गेस्टापोने अटकही केली. नॉर्वेनेही धडा घेतला आणि मंत्रिपदावर असलेल्या माणसाने समितीत बसू नये असा नियम केला.

पुरस्काराची रक्कम होती सुमारे १ लाख ६० हजार स्वीडिश क्रोनर. ती सांभाळायला नेमलेल्या बर्लिनच्या वकिलाने बराचसा पैसा लाटला. त्याला शिक्षा झाली, पैसा गेला तो गेला. ४ मे १९३८ रोजी बर्लिनच्या एका लहान इस्पितळात ओसिएत्स्की वारले. वय ४८.

मग मोहीम यशस्वी झाली म्हणायचं की नाही? सुटका हाच निकष धरला तर नाही. ते स्वतंत्र माणूस म्हणून एक दिवसही जगले नाहीत. पण एस्टरवेगनच्या चिखलात, नाव-गाव नसलेल्या खड्ड्यात त्यांचा शेवट झाला नाही. दोन वर्षं ते पांढऱ्या चादरीवर, पत्नीच्या सोबतीने जगले. छावण्या आहेत आणि त्यांत काय चालतं, हे जगाला एका माणसाच्या नावानिशी कळलं. या दोन वर्षांची किंमत कमी लेखणं मला जमत नाही.

कैद्यासाठी पत्रं लिहिण्याच्या या कामाला पुढे रीतसर घडी बसली. लेखकांच्या ‘पेन’ संघटनेने १९६० साली तुरुंगातल्या लेखकांसाठी वेगळी समिती नेमली. पुढच्याच वर्षी लंडनचे वकील पीटर बेनेन्सन यांच्या लेखातून ॲम्नेस्टी उभी राहिली. तिचे स्थानिक गट सुरुवातीला तीन-तीन कैदी दत्तक घेत: एक पश्चिमेतला, एक साम्यवादी देशातला, एक तिसऱ्या जगातला, म्हणजे कुणी पक्षपाताचा आरोप करू नये. सरकारांना लिहायची पत्रं सभ्य भाषेत असावीत, असा दंडक. हिल्डे वाल्टर यांना ही पद्धत ओळखीची वाटली असती.

आणि तो जुना वाद आजही चालू आहे. इरिट्रियाचे पत्रकार दावित इसाक यांच्याकडे स्वीडनचंही नागरिकत्व आहे. ते ‘सेतित’ या वृत्तपत्राशी संबंधित होते. सप्टेंबर २००१मध्ये सरकारने स्वतंत्र वृत्तपत्रं बंद पाडली तेव्हा त्यांना अस्मारात उचललं. आजवर ना खटला, ना आरोपपत्र. २००५च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना सोडलं आणि दोनच दिवसांत पुन्हा आत टाकलं. स्वीडनच्या सरकारने वर्षानुवर्षं पडद्यामागच्या वाटाघाटींवर भिस्त ठेवली, पत्रकार आणि कुटुंबीय जाहीरपणे बोलत राहिले. इरिट्रियाच्या राजवटीला जगाची भीडच फारशी नाही, आणि तिथे ऑलिंपिकही भरणार नाही. अशा ठिकाणी नाव विसरू न देणं एवढंच हातात उरतं. ते काम थांबलेलं नाही.

ओसिएत्स्कींचं प्रकरणही त्यांच्या मृत्यूने मिटलं नाही. विली ब्रांट पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले, १९७१ साली त्यांना स्वतःला शांततेचं नोबेल मिळालं. ओल्डेनबुर्गच्या विद्यार्थ्यांनी सत्तरच्या दशकात आपल्या विद्यापीठाला ओसिएत्स्कींचं नाव लावलं. राज्य सरकारने ते मान्य केलं १९९१ साली. मुलगी रोझालिंडे यांनी १९३१चा खटला पुन्हा उघडावा म्हणून न्यायालयात धाव घेतली. तो लेख खरा होता, सरकार तहाचा भंग करत होतं, हे एव्हाना शाळेच्या पुस्तकांतही आलं होतं. डिसेंबर १९९२मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली: खटला पुन्हा चालवायला लागणारा नवा पुरावा नाही. रोझालिंडे २००० साली वारल्या. लाइपझिगचा तो निकाल रद्द झालेला नाही.